मुलांचे इंटरनेट आणि घरचा राउटर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यानंतरची काही वर्षे मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे असेच समीकरण होते. मुले तासाच्या हिशेबाने पैसे मोजून लाकडी खणात बसत, आणि तो खण बाहेरून दिसत नसे हीच पालकांची मुख्य तक्रार होती. ही तक्रार थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. इंटरनेटवरील अश्लील मजकूर अल्पवयीन मुलांच्या हाती सहज पडतो, याकडे लक्ष वेधणाऱ्या पत्राची दखल घेऊन न्यायालयाने सप्टेंबर २००१ मध्ये एक समिती नेमली. समितीचा अहवाल २००२ च्या आरंभी आला. मुलांना बंदिस्त खणात बसवू नये, सर्वांच्या नजरेसमोर असलेला संगणक द्यावा आणि त्यावर फिल्टर बसवलेला असावा, असा तिच्या शिफारशींचा आशय होता. पुढे केंद्र सरकारने २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी जे नियम केले, त्यांतही हेच सूत्र आले. खणाची उंची साडेचार फुटांहून अधिक नको, खणाबाहेरील संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे वळलेले हवेत, अल्पवयीन मुलाला खणात बसायचे असेल तर सोबत पालक हवा, आणि वापराची नोंद किमान वर्षभर जपून ठेवावी, असे ते नियम सांगतात.

त्या काळी घरी संगणक घेणाऱ्यांनाही एकच सल्ला दिला जाई : संगणक मुलांच्या खोलीत नव्हे, बैठकीच्या खोलीत ठेवा. सल्ला साधा होता आणि उपयोगीही होता. पण पडदा टेबलावरून तळहातावर आला आणि तो निकामी झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळेनेच मुलांच्या हाती फोन दिला. हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा शहरांत आता फायबरची जोडणीही घेता येते. साहजिकच पालकांचा प्रश्नही बदलला आहे. घरातील वायफायवर मुलगा काय पाहतो हे आपल्याला कळू शकेल का, असे ते आता विचारतात.

उत्तर होकारार्थी आहे, पण त्यात पालकांना हवे ते फारच थोडे आहे.

राउटरला काय दिसते?

घरातील सर्व उपकरणांची वाहतूक राउटरमधून जाते, म्हणून राउटरला सगळे दिसत असणार, असा समज सर्वत्र आहे. आज बहुतेक सर्व संकेतस्थळांची देवाणघेवाण सांकेतिक रूपात होते. त्यामुळे राउटरला पाकिटावरचा पत्ता वाचता येतो, आतील पत्र नाही. कोणत्या उपकरणाने कोणत्या संकेतस्थळाशी किती वाजता संपर्क साधला आणि किती डेटा वापरला, एवढे समजू शकते. यूट्यूबवर कोणती चित्रफीत पाहिली, गूगलवर कोणते शब्द शोधले, व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्रामवर कोण काय बोलले, हे राउटरला कळत नाही. कंपनीकडून मिळणाऱ्या अनेक साध्या राउटरांत संकेतस्थळांची नीट नोंदही राहत नाही. जी राहते ती बहुधा तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की पुसली जाते. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे वेगळे सांगावयास नको.

याचा परिणाम असा होतो, की रात्री अकरा ते एक या वेळेत मुलीच्या फोनवरून यूट्यूब सुरू होते एवढे वडिलांना कळते. ती रसायनशास्त्राचे व्याख्यान ऐकत होती की रील्स पाहत होती, हे कळत नाही. अशा नोंदीतून ज्ञान मिळत नाही, केवळ संशय मिळतो. आणि संशयावर आधारलेली चौकशी घरात कोणत्या स्वरात होते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

उलट बाजूचे गैरसमजही आहेत. इन्कॉग्निटो खिडकी उघडली की आपण अदृश्य झालो, असे मुलांना वाटते. त्या खिडकीचा इतिहास फोनवर राहत नाही इतकेच. राउटरच्या दृष्टीने तिच्यात आणि साध्या खिडकीत काहीही फरक नसतो. व्हीपीएन मात्र राउटरला खरोखर आंधळे करते. ते सुरू असताना राउटरला एकाच ठिकाणाशी चाललेला संवाद दिसतो, त्यापलीकडे काही नाही. आणि व्हीपीएन बसवणे आठवीतील मुलालाही जमते.

मग राउटरचा उपयोग काय? आमच्या मते दोन कामांसाठी तो उत्तम आहे. पहिले काम रात्री इंटरनेट बंद करण्याचे. बहुतेक राउटरांत उपकरणागणिक वेळापत्रक लावण्याची सोय असते. त्यासाठी राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरील पत्ता ब्राउझरमध्ये टाकून व्यवस्थापनाचे पान उघडावे लागते. या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. अनेक घरांत वायफायचा पासवर्ड बदललेला असतो, पण व्यवस्थापनाचा मूळचाच राहतो, आणि तो त्याच कागदावर छापलेला असतो. मुलांना तो वाचता येतो. आणखी एक अडचण म्हणजे २०१९ नंतरचे अँड्रॉइड आणि २०२० नंतरचे आयफोन जोडणीच्या वेळी आपली खरी ओळख न देता बनावट हार्डवेअर क्रमांक देऊ शकतात. त्यामुळे ओळखीच्या फोनवर लावलेले निर्बंध नव्या क्रमांकाने निसटतात. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ही सोय फक्त घरच्या जोडणीपुरती बंद करता येते, आणि ती करून घ्यावी.

दुसरे काम लहान मुलांपुढे अश्लील संकेतस्थळे अनवधानाने येऊ न देण्याचे. संकेतस्थळाचे नाव टाकले की फोन आधी डीएनएस नावाच्या निर्देशिकेला त्याचा पत्ता विचारतो. ही निर्देशिकाच बदलता येते. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी १.१.१.३ ही मोफत निर्देशिका सुरू केली, ओपनडीएनएसची २०८.६७.२२२.१२३ ही तर त्याहून जुनी आहे. राउटरमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत भरले की अश्लील म्हणून नोंदलेल्या संकेतस्थळांचा पत्ताच घरातील कोणत्याही उपकरणाला मिळत नाही. काही कंपन्यांच्या राउटरांत हा बदल करण्याची मुभा नसते. तेथे फोनच्या सेटिंगमध्येच निर्देशिका बदलावी. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी हा उपाय पुरेसा आहे. सोळा वर्षांच्या मुलासाठी तो दारावरची कडी आहे, कुलूप नव्हे.

यापेक्षा मोठी मर्यादा वेगळीच आहे. फोनमध्ये सिम असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करायला एक स्पर्श पुरतो, आणि मग घरच्या राउटरचा संबंधच संपतो. नीटच्या तयारीसाठी नांदेडला खोली करून राहणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत तर घरचे नेटवर्क हा शब्दच गैरलागू आहे. म्हणून देखरेख करावयाची तर ती उपकरणावरच करावी लागते. अँड्रॉइडसाठी गूगलचे फॅमिली लिंक २०१७ पासून, तर आयफोनसाठी स्क्रीन टाइम २०१८ पासून उपलब्ध आहे. रोजची मर्यादा ठरवणे, झोपेच्या वेळी फोन बंद करणे, नवे अ‍ॅप घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यायला लावणे, ही कामे ते चोख करतात. फॅमिली लिंकमध्ये मुलांचे संदेश वाचता येत नाहीत, आणि खात्यावर देखरेख आहे हे मुलाला दिसते. काही पालकांना ही उणीव वाटते. आम्हाला तोच त्याचा गुण वाटतो. इन्स्टाग्रामनेही फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांची खाती मुळातच खासगी ठेवण्याची पद्धत सुरू केली; अर्थात मुलाने जन्मवर्ष खरे सांगितले असेल तर.

अनेक घरांत मुलाचा असा स्वतंत्र फोन नसतोच. वडिलांचा फोन संध्याकाळी हातोहात फिरतो. त्या फोनवर यूपीआय असते, बँकेचे ओटीपी येतात, आणि वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत मोठ्यांनी मोठ्यांसाठी धाडलेले नको ते सारे असते. तेथे मुलावर देखरेख ठेवण्याआधी फोनच आवरावा लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत मुलासाठी दुसरा वापरकर्ता तयार करता येतो. खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची अट प्ले स्टोअरमध्ये घालता येते. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये, हे तर उघडच आहे.

चोरून पाहणे

बाजारात अशीही अ‍ॅप मिळतात, की जी फोनमध्ये गुपचूप बसतात आणि संदेश, छायाचित्रे, संभाषणे पालकांकडे पाठवतात. गूगलच्या प्ले स्टोअरचे धोरण लपून हेरगिरी करणाऱ्या अ‍ॅपना मनाई करते, म्हणून ती बाहेरून, फोनची सुरक्षा शिथिल करून बसवावी लागतात. त्या फोनवरील सर्व खासगी माहिती अनोळखी कंपनीच्या हाती जाते, ही पहिली हानी. दुसरी हानी अधिक खोल आहे.

मुलांच्या इंटरनेटविषयी आपल्याकडे भीतीच्या लाटा येतात. २०१७ मध्ये ब्ल्यू व्हेलची लाट आली. शाळांनी परिपत्रके काढली, पालकांनी फोन तपासले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितले, की तपासलेल्या कोणत्याही मृत्यूत या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत खटकाळी बाह्यवळणाजवळ रेल्वेमार्गावर दोन तरुणांचा गाडीखाली मृत्यू झाला. ते पबजी खेळण्यात गढले होते असे तेव्हा सांगण्यात आले, आणि हिंगोलीचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत आले. ती घटना दुःखद होतीच. पण दोघेही सज्ञान होते आणि घराबाहेर होते. कोणत्याही राउटरने किंवा पालक-नियंत्रणाने ती टळली नसती.

खरा धोका बहुधा असा गाजावाजा करीत येत नाही. समवयस्क म्हणून कोणी ओळख काढतो, काही आठवडे गोड बोलतो, एक छायाचित्र मिळवतो आणि मग ते वर्गातल्या सर्वांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे मागतो. हे राउटरला इन्स्टाग्रामचा नेहमीचा वापर म्हणूनच दिसते. ते उघड होण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे : मुलाने स्वतःहून सांगणे. आणि मूल सांगत नाही, त्याचे एक मोठे कारण म्हणजे सांगितले तर फोन जाईल आणि मार बसेल ही भीती. ज्या घरात फोन चोरून तपासला जातो, तेथे ही भीती दुप्पट होते. म्हणून देखरेख करावयाची ती सांगून करावी, वय वाढेल तशी ती सैल करावी, आणि एक वचन आधीच द्यावे : काहीही घडले आणि तू येऊन सांगितलेस, तर त्याबद्दल तुझा फोन काढून घेतला जाणार नाही.

मुलांनाही शिकवण्यासारखे बरेच उरले आहे. ग्रामीण भारतातील असर २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. आठवडाभरात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी आपले प्रोफाइल खासगी कसे करावे हे ठाऊक असलेली मात्र सुमारे ५५ टक्केच. हे शिकवायला संध्याकाळची दहा मिनिटे पुरतात.

गावांनीही प्रयोग केले आहेत. हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला; साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद. दोहोंत आम्हाला वडगावचा मार्ग अधिक पटतो. तेथे आई-वडिलांचा फोनही बंद होतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेला बालहक्क करारही मुलांचा खासगीपणा मान्य करतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आणि मुलांचा माग काढणे, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर मनाई घातली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. हे निर्बंध कंपन्यांवर आहेत. घरगुती कारणासाठी व्यक्तीने ठेवलेली नोंद या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

संकट आलेच तर

धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत आणि संभाषण पुसू नये. खात्याचे नाव, क्रमांक, वेळ दिसेल अशी पडद्याची छायाचित्रे ठेवावीत. मात्र मुलाचे अश्लील छायाचित्र पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाईकांना किंवा गटावर पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब या कलमाखाली असे छायाचित्र प्रसारित करणे हाच गुन्हा असून पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ते पोलिसांनाच दाखवावे. छायाचित्र पसरण्याची भीती असेल तर टेक इट डाऊन ही मोफत सेवा आहे. तीत छायाचित्र पाठवावे लागत नाही, त्याची अंकीय खूण फोनवरच तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमे त्या खुणेवरून ते शोधून काढतात. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ फोन करावा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. गुन्हेगार कोणत्या राज्यात बसला आहे याची चिंता तक्रारदाराने करू नये : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोठेही घडलेला असला, तरी सेनगावच्या किंवा औंढ्याच्या ठाण्यातही त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते.