खर्जाचें वजन

गाण्याच्या बैठकींत श्रोत्यांची वाहवा बहुधा तारसप्तकाच्या वांट्यास येते. गवयाचा आवाज वर चढून टिपेच्या षड्जावर स्थिरावला कीं माना डोलूं लागतात. खर्जास अशी दाद क्वचितच मिळते. तो बंद पडल्यावरच त्याचें अस्तित्व जाणवतें. घराच्या पायाची जी गत, तीच त्याची. परंतु पायाप्रमाणेंच खर्जही आपोआप घडत नाहीं. खालचा सूर भरदार पण मऊ लागावा, तो घुमावा परंतु गढूळ होऊं नये, याकरितां कारागिरांनीं आणि वादकांनीं शतकानुशतकें जी खटपट केली, तिचा इतिहास महाराष्ट्राच्या इतिहासांत गुंतलेला आहे. आणि त्याचें एक टोंक नेवाशास सांपडतें.

प्रवरेच्या कांठचें नेवासें हें गांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत अजरामर झालें आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका येथें सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ज्या खांबास टेकून ती सांगितली गेली अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब आज मंदिराच्या गाभाऱ्यांत आहे. आषाढ वद्य एकादशीस येथें मोठी यात्रा भरते. वारकऱ्यांच्या भजनास टाळ, वीणा आणि पखवाज हीं तीन वाद्यें पुरतात. टाळ कानावर आदळतो, वीणा सूर धरून राहते आणि पखवाज, ज्यास वारकरी मृदंग म्हणतात, तो या सर्वांस खालून उचलून धरतो.

भजनास आरंभ होण्यापूर्वीं मृदंगवादक एक काम न चुकतां करतो. तो गव्हाची कणीक पाण्यांत मळून वाद्याच्या डाव्या, मोठ्या तोंडाच्या मध्यभागीं भाकरीसारखी थापतो. थाप मारून ऐकतो. थोडी कणीक काढतो किंवा थोडी वाढवितो. ओल्या बोटानें ती सारखी करतो आणि पुन्हां ऐकतो. उजव्या तोंडावर लोहकीट आणि खळ यांची काळी शाई कायमची बसविलेली असते. डाव्या तोंडाची कणीक मात्र त्या वेळेपुरती. भजन संपलें कीं ती खरडून काढावयाची आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां नवी मळावयाची.

या थापलेल्या कणकेंत खर्जाचें सारें रहस्य सांठविलेलें आहे. नुसतें ताणलेलें कातडें वाजविलें तर त्यांतून निघणारे उपस्वर एकमेकांशीं मेळ धरीत नाहींत. नाद कोरडा आणि पोकळ लागतो. मध्यावर वजन पडलें कीं कातड्याचीं कंपनें मंद होतात, सूर खालीं उतरतो आणि त्याला भरीवपणा येतो. कणीक कमी पडली तर घुमारा येत नाहीं. अधिक झाली तर आवाज ठस होतो. शिवाय ती वाळूं लागली म्हणजे हलकी होते आणि सूर वर सरकतो. म्हणून वादक मधून मधून तिला पाणी लावतो. खालचा सूर जोरानें थाप मारून मिळत नसतो. तो वजन, ओलावा आणि ताण यांच्या समतोलानें मिळतो.

ही युक्ति किती जुनी आहे? भरताच्या नाट्यशास्त्रांत चर्मवाद्यांच्या तोंडांस नदीकांठच्या काळ्या मातीचा लेप द्यावा असें सांगितलें आहे, आणि तशी माती न मिळाल्यास गव्हाचें किंवा यवाचें पीठ वापरण्यास मुभा दिली आहे. म्हणजे आज जी कणीक मुख्य मानली जाते, ती एके काळीं मातीच्या अभावीं घेतलेली तडजोड होती. पुढें तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. तो स्वतः देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता. सिंघणाची कारकीर्द सुमारें १२१० ते १२४७ अशी मानतात. भात आणि राख यांच्या लेपाचें, म्हणजे बोहणाचें, वर्णन त्याच्या ग्रंथांत मर्दलाच्या संदर्भांत येतें. मंद्र स्वराचें स्थान हृदय, मध्याचें कंठ आणि ताराचें मस्तक, असेंही त्यानें सांगून ठेविलें आहे. नेवासें हें त्याच यादवांच्या राज्यांतलें. संगीतरत्नाकर संस्कृतांत लिहिला गेला आणि त्यानंतर अर्धें शतक उलटतें न उलटतें तोंच नेवाशास मराठींत गीता बोलूं लागली. दरबारी विद्या आणि लोकांची भक्ति हीं दोन्हीं एकाच भूमींत, इतक्या थोड्या काळाच्या अंतरानें फळास आलीं.

कातड्यास जें काम कणीक करते, तेंच तारेस करणारी वस्तु शार्ङ्गदेवास ठाऊक होती. एकतंत्री वीणेची तार आणि तिच्या घोडीवरील पत्रिका यांच्यामध्यें बांबूची बारीक चिवटी सारावी, तीस जीवा म्हणावें, असें तो सांगतो. आजच्या तंबोऱ्यांत तिची जागा रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्यानें घेतली आहे. घोडीचा माथा कानसीनें घासून किंचित् बांकदार करावयाचा आणि दोरा केसभर पुढें-मागें सरकवीत तार बोलूं लागेपर्यंत थांबावयाचें, यास जवारी काढणें म्हणतात. खुली जवारी झणझणीत बोलते; बंद जवारीचा आवाज गोल आणि मऊ असतो. तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं शेवटची, पितळेची जाड तार खर्जाची.

ही विद्या महाराष्ट्रांत मिरजेस जोपासली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगारानें हत्यारांचें काम मागें पडत चालल्यामुळें तंतुवाद्यांकडे मोर्चा वळविला, अशी परंपरा सांगतात. तलवारीस धार लावणाऱ्या हातांनीं घोडीस बांक देण्यास आरंभ केला. या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या खोऱ्यांत पिकतात. गायकांनाही या कामाचें महत्त्व ठाऊक होतें. मिरजेस स्थायिक झालेले आणि १९३७ मध्यें निवर्तलेले अब्दुल करीम खां हे तंबोरा लावण्याबद्दल जितके काटेकोर, तितकेच वाद्यें स्वतः दुरुस्त करण्यांत निष्णात होते.

कारागिरांनीं कानानें साधलेल्या या गोष्टीचें शास्त्रीय उत्तर विसाव्या शतकांत मिळालें. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० मध्यें शिवकाली कुमार यांच्यासह मृदंग-तबल्याच्या शाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाईच्या वजनामुळें कातड्याचे बेसूर उपस्वर तारेच्या उपस्वरांप्रमाणें दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांकी प्रमाणांत येतात, असें त्यांनीं दाखविलें. १९२१ मध्यें त्यांनीं वीणा व तंबोरा यांच्या बांकदार घोडीचा विचार केला. तार ज्या ठिकाणीं छेडली जाते, त्या ठिकाणामुळें जे उपस्वर उमटूं नयेत असा पाश्चात्य शास्त्राचा नियम होता, तेही या वाद्यांत उमटतात, असें त्यांना आढळलें.

हाच प्रश्न पुढें दुसऱ्या खंडांत निराळ्या वाद्यापुढें उभा राहिला. १९५१ मध्यें कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यानें विजेवर वाजणारी बास गिटार बाजारांत आणली. तिच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१. विजेच्या साह्यानें आवाज हवा तितका मोठा करतां येई. परंतु मोठा आवाज म्हणजे मऊ आवाज नव्हे. म्हणून तारेवर चपट्या पट्टीची गुळगुळीत गुंडाळी आली आणि घोडीवरील झांकणाखालीं स्पंजासारख्या मऊ पदार्थाचा तुकडा बसविला जाऊं लागला. डेट्रॉइटचा विख्यात वादक जेम्स जेमर्सन आपल्या जुन्या, बोथट झालेल्या तारा सहसा बदलीतच नसे. तंबोऱ्याचा दोरा उपस्वर जागे करतो आणि गिटारचा स्पंज ते निजवितो. दिशा उलट असली तरी कसब एकच, उपस्वरांस शिस्त लावण्याचें.

आज या कसबापुढें वेगळीच अडचण आहे. १९७९ च्या सुमारास बेंगळुरास जी. राज नारायण यांनीं विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला आणि आतां तर तो खिशांतल्या दूरध्वनींतही वाजतो. प्रवासांत आणि एकट्याच्या रियाझास त्याची सोय मोठी, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु पांढरी एकमध्यें गाणाऱ्या गवयाच्या खर्जाचीं कंपनें सेकंदास सुमारें ६५ भरतात, आणि नखाएवढ्या कर्ण्यांतून तीं जवळजवळ बाहेर पडतच नाहींत. वरचे उपस्वर ऐकून कान खालचा सूर स्वतःच कल्पून घेतो. ज्या विद्यार्थ्याचा सारा रियाझ अशा सुरावर होतो, त्याला पाया ठाऊक होतो तो केवळ अनुमानानें. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. पण मानांकनानें नांव राखलें जातें. जवारी राखण्यास ती ऐकूं शकणारा कान लागतो, आणि तो खऱ्या तारेजवळच तयार होतो.

खर्ज विकत आणून कायमचा घरांत ठेवतां येत नाहीं. दोरा सरकतो, कणीक वाळते, कातडें हवेप्रमाणें ताणतें किंवा सैल पडतें. प्रत्येक बैठकीपूर्वीं तो नव्यानें घडवावा लागतो आणि त्याकरितां घटकाभर थांबून ऐकावें लागतें. नेवाशाच्या मंदिरांत ओल्या बोटानें कणीक सारखी करणारा वादक कोणत्याही प्रयोगशाळेची वाट न पाहतां हें करीत आला आहे. त्याच्या हातून तें सुटलें, तर टाळ वाजतच राहतील. मात्र त्यांना खालून उचलून धरणारें कांहीं उरणार नाहीं.