दातातले पट्टे आणि माझं खोडलेलं वाक्य

आज दाताच्या इनॅमलचा, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या दंतवल्काचा, थोडा इतिहास सांगते. तुमचा विषय वेगळा असला तरी वाचा, कारण यातली चूक कुणाच्याही प्रबंधात शिरू शकते. माझ्या शिरली होती.

आधी रचना बघू. इनॅमलचं वजन घेतलं तर त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. या खनिजाचे स्फटिक जुळून साधारण ५ मायक्रोमीटर जाडीच्या दांड्या बनतात. दाताचा उभा छेद घेऊन त्यावर तिरपा प्रकाश टाकला की इनॅमलच्या आतल्या भागात उजळ आणि गडद पट्टे दिसतात. यांना हंटर-श्रेगर पट्टे म्हणतात. जॉन हंटर हे लंडनचे शल्यविशारद, त्यांचा दातांवरचा ग्रंथ १७७१ चा. श्रेगर जर्मनीतले, त्यांचं वर्णन १८०० चं.

आता गंमत अशी, की प्रकाशाची दिशा उलटी केली तर उजळ पट्टे गडद होतात आणि गडद उजळ. मग पट्टे खरे की नुसता भास? उजळ-गडद हा प्रकाशाचा खेळ, पण त्यामागचं कारण खरं आहे. शेजारशेजारच्या पट्ट्यांतल्या दांड्या वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या असतात. १९६० च्या दशकात ॲलन बॉइड यांच्यासारख्या संशोधकांनी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दांड्यांच्या या रचनेचा बारकाईने अभ्यास केला.

याचा चावण्याशी काय संबंध? सरळ रेषांचं लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात फाटतं, पिळाचं लाकूड दमवतं. इनॅमलचंही तसंच. दांड्या एकमेकींना छेदत गेल्या की भेगेला सरळ वाट मिळत नाही. १९८७ मध्ये विगार्ट फॉन कोनिग्सवाल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की डायनासोर संपल्यानंतरच्या पॅलिओसीन काळाच्या सुरुवातीला सस्तन प्राण्यांच्या दातांत अशी रचना दिसू लागते. त्यांनी तिचा संबंध आहारातल्या वैविध्याशी जोडला. माणसाच्या दातांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ ॲनाटॉमी’त आला. जिथे चावताना भार जास्त, तिथे पट्टे जास्त दाट, असं त्यात आढळलं.

हे वाचून मी उत्साहाने लिहिलं, ‘चावण्याच्या भारामुळे या भागात पट्टे दाट होतात.’ मार्गदर्शकांनी वाक्य खोडलं आणि एकच विचारलं, “पहिली कायमची दाढ कधी येते?”

ती येते सहाव्या वर्षाच्या आसपास. पण तिच्या माथ्याचं इनॅमल तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जबड्यातच तयार झालेलं असतं. ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येताना नष्ट होतात. म्हणजे त्या दाढेने एकही घास चावण्याआधी पट्टे पूर्ण झालेले असतात! हाडावर भार पडला तर त्याची रचना बदलू शकते, इनॅमलला ती सोय नाही. भाराचा परिणाम झाला असेलच, तर तो पूर्वजांच्या असंख्य पिढ्यांवर, नैसर्गिक निवडीतून.

मी दोन वेगळे प्रश्न एका वाक्यात कोंबले होते. ही रचना कशी घडते, हा एक. ती टिकून का राहिली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पेशींच्या हालचालीत शोधायचं, दुसऱ्याचं जीवाश्मांत आणि तुलनेत. २०१० च्या अभ्यासातली दाटी दोन्हींशी जुळते, पण एकटी कुठलंच सिद्ध करत नाही.

आज आपला मसुदा उघडा आणि ‘मुळे’ व ‘साठी’ हे शब्द शोधा. प्रत्येकापुढे थांबून विचारा, याचा पुरावा माझ्याकडे आहे का?