गंभीर आजार आणि शिक्षेचे प्रमाण : बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या दंडविधानातील एक प्रश्न

जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत इत्यादी विलीन संस्थानांचा मुलूख मिळून १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हापासून या सर्व मुलखास एकच दंडविधान लागू आहे. बालकावर अत्याचार करणारा अपराधी क्षय, कर्करोग किंवा मनोविकार यांनी ग्रस्त असल्यास त्याची शिक्षा उणी करावी काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या विधानाने काळानुसार निरनिराळे दिले आहे.

१८६० च्या दंडसंहितेत संमतीचे वय अवघे दहा वर्षे होते. १८९१ मध्ये ते बारा, आणि विवाहसंबंधाबाहेर १९२५ मध्ये चौदा व १९४९ मध्ये सोळा झाले. वयाच्या मर्यादेवर एवढा खल झाला, तरी शिक्षेची किमान मर्यादा कोणीच घातली नाही. प्रमाण सर्वस्वी न्यायाधीशाच्या विवेकावर राहिले. त्यातही १८९८ च्या प्रक्रिया संहितेत शिक्षेविषयी स्वतंत्र सुनावणीची तरतूद नव्हती. त्यामुळे आरोपीचे दुखणे न्यायालयापुढे येई ते बहुधा आडवाटेने : जामिनाच्या अर्जात, अथवा शिक्षामाफीसाठी सरकारकडे केलेल्या विनंतीत. १९७३ च्या संहितेतील कलम २३५(२) ने दोषी ठरलेल्या आरोपीस शिक्षेबाबत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संतासिंग प्रकरणात ही सुनावणी केवळ उपचार नव्हे, असे सांगितले. आजाराला न्यायालयाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते येथे.

१९८३ च्या दुरुस्तीने बारा वर्षांखालील बालिकेवरील बलात्कारास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरविली. तथापि ‘पुरेशी व विशेष कारणे’ नोंदवून ती कमी करण्याची मुभा ठेवली. या मुभेचा उपयोग किती सैलपणे होई, हे सांगलीच्या शेजारच्या कर्नाटकातील कृष्णप्पा प्रकरणावरून दिसते. सातआठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराबद्दल झालेली दहा वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने आरोपीचे अज्ञान, व्यसन व कुटुंबाचा भार या कारणांस्तव चार वर्षांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ती पुन्हा दहा वर्षे केली. त्या कारणांत आजार नव्हता हे खरे. पण आरोपीची वैयक्तिक दैना ही आपोआप ‘विशेष कारण’ ठरत नाही, हे तत्त्व आजारासही तितकेच लागू पडते. पुढे २०१३ मध्ये ती मुभाच काढून टाकण्यात आली. बालकांसाठीचा २०१२ चा विशेष कायदा व त्याची २०१९ ची दुरुस्ती यांनी किमान शिक्षा अधिकच कडक केली. त्यामुळे आज सातारा वा सांगली येथील विशेष न्यायालयाला आजार विचारात घेता येतो तो किमान मर्यादेच्या वरच्या भागापुरताच.

या साऱ्या इतिहासात अधिक विचारणीय ठरतो तो महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाचा १२ एप्रिल २०१९ चा निर्णय. दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून करणाऱ्या इसमास मृत्युदंड झाला होता. शिक्षेनंतरच्या दीर्घ कारावासात तो तीव्र मनोविकाराने ग्रस्त झाला. गुन्ह्याच्या वेळचे वेड आणि शिक्षेनंतरचे वेड यांत कायद्याने सदैव भेद केला आहे. पहिल्याने अपराधच नाहीसा होतो, दुसऱ्याने होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, शिक्षेचा अर्थ व हेतू आकळू नये इतका विकार तीव्र असेल, तर तो मृत्युदंड रद्द करण्यास पुरेसा होय. मात्र तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर राहील. फाशी टळली, पण सुटका नाही : माफीविना उर्वरित आयुष्यभर कारावास, आणि सरकारने उपचाराची व्यवस्था करावी असा आदेश. निकालपत्रात आरोपीचे नाव नाही, मुलींचेही नाही. त्याचा ‘क्ष’ असा उल्लेख करण्यामागे मानसिक आरोग्यविषयक २०१७ च्या कायद्यातील गोपनीयतेची तरतूद आहे. मुलींना मिळालेल्या अनामिकतेत त्यालाही वाटा मिळावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु रुग्ण म्हणून असलेला त्याचा हक्क अपराधामुळे लोपत नाही, अशी ही भूमिका आहे.

शारीरिक आजाराची वाट याहून निराळी आहे. तेथे शिक्षा घटत नाही. ती काही काळ थांबते, इतकेच. एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल २०१८ मध्ये जोधपूर येथे जन्मठेप झालेल्या आसारामला जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय कारणास्तव मिळालेली सुटका याच जातीची, म्हणजे मुदतीची होती. असे अर्ज पूर्वी या दोन जिल्ह्यांतून मुंबईस जात. ऑगस्ट २०२५ पासून ते उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे जातात.