प्रतिजन सादरीकरण

पेशीने प्रथिनांचे तुकडे (पेप्टाइड) आपल्या पृष्ठभागावर आणून टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पेशींना) दाखविण्याची क्रिया. अखंड जंतू टी-पेशींना ओळखता येत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील एमएचसी या प्रथिन रेणूच्या पन्हाळीसारख्या खाचेत बसलेले पेप्टाइडच त्या ओळखतात. माणसातील या रेणूंना एचएलए म्हणतात. टी-पेशी पेप्टाइड व एमएचसी यांची जोडीच ओळखतात, हे पीटर डोहर्टी व रोल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांतून १९७४ मध्ये दाखविले. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मार्ग : पेशीच्या आत तयार झालेली, उदा., विषाणूची प्रथिने प्रोटिअसोममध्ये तुटतात. त्यांचे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे एमएचसीच्या वर्ग-१ रेणूंवर बसतात व सीडी-८ टी-पेशींना दिसतात. बाहेरून गिळलेल्या प्रथिनांचे अधिक लांब तुकडे वर्ग-२ रेणूंवर येतात व सीडी-४ टी-पेशींना चेतवितात. डेंड्रायटिक पेशी, महाभक्षी पेशी व बी-पेशी वर्ग-२ मार्गाचे हे काम प्रामुख्याने करतात.

अभ्यासपद्धती : पेशींवरील एमएचसी रेणू वेगळे करून त्यांतील पेप्टाइड सौम्य आम्लाने सोडवितात व वस्तुमान वर्णपटमापीने त्यांचा क्रम वाचतात. त्या पेप्टाइडांना टी-पेशी प्रतिसाद देतात का, हे नंतर तपासतात.

कुष्ठरोग : भंडाऱ्यासह पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत आढळणाऱ्या या रोगात वर्ग-२ मार्ग महत्त्वाचा ठरतो, कारण मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू महाभक्षी पेशींत तळ ठोकतो. सीडी-४ पेशींचा प्रतिसाद जोरदार असल्यास मोजके, कडा स्पष्ट असलेले बधिर चट्टे उठतात व त्वचेच्या नमुन्यात जंतू सहसा सापडत नाहीत. प्रतिसाद क्षीण असल्यास कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्यातही जंतूंचे पुंजके दिसतात. जंतू एकच, पण रोगाचे रूप टी-पेशींच्या प्रतिसादावर ठरते. भारतीय रुग्णांत एचएलए-डीआर२ या प्रकाराशी रोगाचा संबंध आढळला आहे.

मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात चिं. वि. बापट, कमल रणदिवे व वसंत खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून आयसीआरसी (केंद्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) जंतू वाढविला. पुढे मधुकर देव यांनी त्यापासून लस तयार केली. दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीत तिची परिणामकारकता ६५.५ टक्के, तर बीसीजीची ३४.१ टक्के आढळली (१९९८).

उपचार बहुविध औषधांचा असतो व सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो : असांसर्गिक (मोजक्या चट्ट्यांच्या) प्रकारात ६ महिने, सांसर्गिक (भरपूर जंतूंच्या) प्रकारात १२ महिने.