नाईलचे पाणी आणि वहिवाटीचा दावा

नाईलच्या पाण्याचा वाद निघाला की इजिप्तला तहानेची भीती आहे आणि इथिओपिया आडमुठा आहे, एवढेच आपल्याला सांगितले जाते. हा वाद कागदावर जन्माला कसा आला, ते कोणी सांगत नाही.

७ मे १९२९ रोजी ब्रिटन आणि इजिप्त यांनी पत्रांची देवाणघेवाण करून नाईल वाटून घेतली. इजिप्तला ४८ अब्ज घनमीटर, सुदानला ४. शिवाय ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशात नाईलवर किंवा तिच्या सरोवरांवर इजिप्तच्या संमतीशिवाय बांधकाम करायचे नाही. युगांडा, केनिया, टांगानिका यांच्या वतीने बोलले कोण? साहेब! १९५९ साली इजिप्त आणि सुदान या दोघांनीच पुन्हा हिशेब मांडला. एकूण ८४ अब्ज घनमीटर, ५५.५ इजिप्तला, १८.५ सुदानला, उरलेले १० बाष्पीभवन आणि गळतीला. म्हणजे उन्हालाही वाटा मिळाला, इथिओपियाला थेंब नाही. आस्वानला पोहोचणारे सुमारे ८५ टक्के पाणी तर त्याच्याच डोंगरांतून येते.

याचे समर्थन काय? 'ऐतिहासिक हक्क'. आम्ही पूर्वापार वापरतो, म्हणून आमचे. ही भाषा आम्हाला चांगलीच ओळखीची आहे. महाडच्या चवदार तळ्यावर सवर्णांनी कोर्टात हीच वहिवाट पुढे केली होती. अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांचा पक्ष जिंकला. नाईलच्या बाबतीत १९६२ मध्ये न्येरेरेंच्या टांगानिकाने तेच धैर्य दाखवले: परक्या राज्यकर्त्याने आमच्या नावाने दिलेला शब्द आम्हाला बांधील नाही.

२०१० चा एंटेबे करार न्याय्य आणि वाजवी वापराचे तत्त्व मांडतो. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आला. इजिप्त आणि सुदान बाहेरच आहेत. इथिओपियाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. २०२० पासून त्याने आपले महाधरण खालच्या देशांशी करार न होताच भरायला घेतले. खाली फेलाह शेतकऱ्याचे शेत याच पाण्यावर आहे, त्याला ही काळजी खरीच आहे.

पण आम्ही देशांच्या वाट्यावर थांबणार नाही. आस्वानच्या उंच धरणाने दोन्ही देशांतले मिळून सुमारे एक लाख न्युबियन उठवले. वादी हल्फाची माणसे नाईलचा काठ सोडून शेकडो किलोमीटर दूर खश्म अल-गिर्बाला नेऊन टाकली. करार करताना त्यांना विचारले कोणी? इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेने आपल्याकडच्या न्युबियनांना १० वर्षांत मूळ प्रदेशात परत नेण्याचे वचन कलम २३६ मध्ये दिले. ती मुदत २०२४ मध्ये उलटली. वचन अपुरेच आहे.