डॉमिनिका : उकळत्या तळ्याचे बेट

जुलै 2023 मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणातच 171 धावा केल्या, ते रोझो शहरातील विंडसर पार्क मैदान अनेक क्रिकेटरसिकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. रोझो ही डॉमिनिकाची राजधानी. डॉमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा. दोहोंची गल्लत नेहमी होते. कोलंबसाला हे बेट 3 नोव्हेंबर 1493 रोजी दिसले. तो रविवार होता, म्हणून रविवारच्या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण झाले. क्षेत्रफळ सुमारे 750 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जेमतेम एक पंचमांश.

कॅरिबियन म्हटले की डोळ्यांसमोर पांढरी वाळू येते. तिच्या शोधात येथे येणाऱ्याची मात्र निराशा होते. येथील बहुतेक किनारे काळ्या ज्वालामुखीय वाळूचे आहेत. या बेटाचे वैभव आत, डोंगरांत आहे.

त्यातले पहिले स्थान अर्थातच ‘बॉइलिंग लेक’चे. 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मॉर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यानात हे तळे आहे. रुंदी साठ-सत्तर मीटर. करड्या-निळ्या पाण्यावर सतत वाफेचे ढग आणि मध्यभागी खळखळते आधण! खडकात मुरलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापते आणि खालून येणारी वाफ व वायू तळ्याला ढवळत राहतात. 1875 मध्ये काठाजवळच्या पाण्याचे तापमान मोजले गेले, तेव्हा ते 82 ते 92 अंश सेल्सिअस भरले. 2004 च्या अखेरीस तळे एकाएकी ओसरले आणि काही महिन्यांत पुन्हा भरले.

तेथवर गाडीरस्ता नाही. लोदा गावाजवळच्या तितू घळीपासून जाताना तीन तास आणि येताना तीन तास चालावे लागते. वर्षावनातील चिखल, निसरड्या पायऱ्या, ओढे ओलांडून वाटसरू ‘व्हॅली ऑफ डेसोलेशन’मध्ये उतरतो. या उजाड दरीत जमिनीच्या भेगांतून गंधकाचा उग्र दर्प येतो आणि वाटाडे तेथल्या उकळत्या झऱ्यांत अंडी शिजवून देतात. वाटाड्याशिवाय जाणे हा निव्वळ अविचार ठरेल. 1901 मध्ये तळ्याकाठी विषारी वायूने दोघांचा बळी घेतला होता. आता या तळ्यापर्यंत केबल कारचे काम हाती घेण्यात आले आहे. वृद्धांना व अपंगांना त्यामुळे हे दृश्य पाहता येईल, हे खरेच. पण सहा तासांच्या पायपिटीवर ज्यांचे पोट चालते त्या वाटाड्यांचे काय, आणि नाजूक दरीला किती गर्दी सोसेल, हे प्रश्न उरतातच.

ज्यांना इतके चालवत नाही, त्यांच्यासाठी रोझोजवळच ट्राफल्गरचा जोडधबधबा आहे आणि वॉटन वेव्हन गावात गरम गंधकाची कुंडे आहेत. राजधानीच्या दक्षिणेला ‘शॅम्पेन रीफ’ येथे समुद्रतळातून वायूचे बुडबुडे अखंड वर येतात आणि पोहणारा जणू सोड्याच्या पेल्यात उतरतो. पश्चिम किनाऱ्यालगतच समुद्र खोल असल्याने स्पर्म व्हेल वर्षभर दिसतात. त्यांच्यासाठी 2023 मध्ये सुमारे 800 चौरस किलोमीटरचे राखीव सागरी क्षेत्र जाहीर झाले, म्हणजे खुद्द बेटाहूनही मोठे!

18 सप्टेंबर 2017 च्या रात्री ‘मारिया’ हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ बेटावर आदळले. डोंगर अक्षरशः पर्णहीन झाले. राष्ट्रध्वजावर विराजमान असलेला, जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा सिसेरू पोपट त्यानंतर फारच दुर्मीळ झाला. चौदा टप्प्यांची, सुमारे 185 किलोमीटरची वाइटुकुबुली पायवाटही ठिकठिकाणी नष्ट झाली. ती टप्प्याटप्प्याने मोकळी करावी लागली. वाइटुकुबुली हे बेटाचे कालिनागो भाषेतील नाव. ‘उंच तिची काया’ असा त्याचा अर्थ. ज्यांच्या ‘कॅरिब’ या जुन्या नावावरून कॅरिबियन हा शब्द आला, ते हे लोक. त्यांच्यासाठी 1903 मध्ये पूर्व किनाऱ्यावर सुमारे 3,700 एकर भूमी राखून ठेवण्यात आली. तेथे लारुमा वेताच्या टोपल्या विणणारे हात आजही दिसतात. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या सिल्वानी बर्टन याच समाजातील.

जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ असल्याने डोंगरवाटांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने त्यातल्या त्यात कोरडे. तरीही पावसाळी अंगरखा आणि घट्ट पकडीचे बूट सोबत हवेतच.