गालफडांपासून पोटापर्यंत

इंदापूरहून पुण्याकडे निघालं की भिगवणनंतर कुरकुंभ येतं. तिथल्या एमआयडीसीत सिप्लाचा कारखाना आहे. याच सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला माणशी वर्षाला ३५० डॉलरांत द्यायची तयारी दाखवली. तोवर हा उपचार श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात जाई. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिन, तिन्ही एका गोळीत. या गोळीनं माणसं वाचली आणि त्यांतल्या कित्येकांची गालफडं बसली.

दोष स्टॅव्हुडिनचा. १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या जेरोम हॉर्विट्झ यांनी ते कॅन्सरसाठी बनवलं होतं. तिथं ते चाललं नाही. एचआयव्ही आल्यावर ते फडताळातून बाहेर निघालं आणि १९९४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. धोक्याची खूण मात्र आदल्याच वर्षी मिळाली होती. याच कुळातलं फियालुरिडिन कावीळ-बी च्या १५ रुग्णांना दिलं गेलं. सात जणांचं यकृत निकामी झालं, पाच दगावले. अशी औषधं विषाणूची नक्कल थांबवताना आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियालाही धक्का लावतात. ऊर्जा तयार करणारी ही यंत्रणा बिघडली की चरबी जळत नाही, यकृतात साठते, रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं. उलट्या, धाप, प्रसंगी मृत्यू. गालांतली, हातापायांतली चरबी मात्र झडते.

१ एप्रिल २००४ ला सरकारनं एचआयव्हीवरचे मोफत औषधोपचार, म्हणजे एआरटी, सुरू केले. सुरुवातीच्या काळात बारामती-इंदापूरकडच्या माणसाला त्यासाठी पुणं गाठावं लागे. नेव्हिरॅपिनची भीती वेगळी: अंगावर पुरळ आणि यकृताला सूज. म्हणून पहिले १४ दिवस ते निम्म्या मात्रेनं द्यायचं. टीबी असेल तर गाठ आणखी घट्ट, कारण टीबीची औषधंही यकृतावरच भार टाकतात आणि रिफॅम्पिसिन रक्तातलं नेव्हिरॅपिन घटवतं.

पुण्याचे डॉ. संजय पुजारी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पश्चिम भारतातल्या रुग्णांमधल्या या चरबीच्या बिघाडावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गावात त्याचा अर्थ काय होत असेल, हे कुठल्या तक्त्यात येणार? बसलेले गाल, पिंढऱ्यांवर उठलेल्या शिरा. ज्यानं घरातही काही सांगितलं नव्हतं, त्याच्या वतीनं चेहराच बोलू लागे. गोळ्या सोडाव्यात असं वाटायला एवढं पुरे होतं.

अमेरिकेत २००४ च्या सुमारास स्टॅव्हुडिन मागं पडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं ३० नोव्हेंबर २००९ ला. ही पाच वर्षं स्वस्त गोळीची किंमत म्हणून मांडावीत, असं मला वाटतं. तेव्हा दुसरं काही परवडत नव्हतं हेही खरंच.

पुढं झिडोव्हुडिननं रक्त कमी केलं, टेनोफोव्हिरनं मूत्रपिंडावर आणि हाडांवर नजर ठेवायला लावली. आता डोल्युटेग्रॅव्हिर आहे. यकृताला सोसणारं, विषाणूवर जबर. पण वजन वाढतं, बायकांचं जास्त. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडव्हान्स चाचणीत ते ठळक दिसलं. काहींची साखरही चढते.

आणि साखर, पोट, लिव्हरवर चरबी हे तर आता आळीतल्या निम्म्या घरांतलं बोलणं. एआरटीवरची बाई त्या घोळक्यात सहज मिसळून जाते. कुणी संशय घेत नाही, डॉक्टरही नाही. साखरेसाठी ती गावातल्या खासगी दवाखान्यात जाते, एआरटीचं सांगत नाही आणि मेटफॉर्मिन घेऊन येते. डोल्युटेग्रॅव्हिर चालू असताना मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठतं. म्हणून त्याची मात्रा साधारण दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या पुढं नेत नाहीत. ही मर्यादा पाळायची, तर लिहून देणाऱ्याला दुसऱ्या गोळीचं नाव ठाऊक असावं लागतं.